साष्टीचे जुने रहिवासी : त्यांची भाषा, त्यांच्या चालीरीति आणि त्यांच्या स्त्रिया

वर्गांत आपल्या शेजारीं बसणाऱ्या मुलाचें आडनांव डिसोझा किंवा परेरा आहे असें कळतांच आपण त्यास सहज विचारतों, "तुमचें गोव्यांतलें गांव कोणतें?" पुष्कळ वेळां तो मुलगा हंसतो आणि म्हणतो, "गोव्यांतलें नव्हे. आमचें गांव मरोळ." दुसरा कोणी सांगतो आंबोली, तिसरा किरोळ, चौथा गोराई. हें उत्तर ऐकून विचारणारा चकित होतो. परंतु चकित होण्याचें वस्तुतः कारण नाहीं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें होण्यापूर्वीं येथें जीं खेडीं होतीं, त्या खेड्यांचे हे पिढीजात रहिवासी. आपणांपैकीं बहुतेकजण येथें पाहुणे म्हणून आलों. यजमान ते आहेत. त्यांची मातृभाषा मराठी होती आणि कित्येक घरांत ती आजही आहे. ती इतकीं शतकें कोणीं जपली, पुढें ती मागें कां पडली, आणि तिच्यासाठीं आज काय करतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं थोडें दूर जाऊन येऊं. कारण आपल्या घरची गोष्ट कित्येकदां परक्याच्या घरच्या गोष्टीवरून अधिक स्पष्ट दिसते.

आफ्रिका खंडाच्या पश्चिमेस नायजेरिया नांवाचा देश आहे. त्याच्या आग्नेय भागांत इग्बो नांवाचे लोक राहतात. त्यांच्यांत बहुतेक ठिकाणीं राजा नसे. गांवचा कारभार सभेच्या विचारानें चाले. पुरुषांचीं जशीं मंडळें होतीं, तशीं स्त्रियांचींही होतीं. शेतींतसुद्धां वांटणी होती : कोनफळासारखा 'याम' नांवाचा कंद हें पुरुषांचें पीक, तर अळकुड्या हें स्त्रियांचें पीक. बाजारपेठ मुख्यतः स्त्रियांच्या हातीं असे. एखाद्या पुरुषानें पत्नीला छळलें किंवा बाजाराचा नियम मोडला, तर गांवांतल्या बायका त्याच्या अंगणांत जमत, त्याच्या नांवानें निंदेचीं गाणीं म्हणत आणि तो शरण आल्यावांचून तेथून हालत नसत. पुढें इंग्रजांचें राज्य झालें. त्यांच्या अधिकाऱ्यांनीं गांवोगांवीं सनदी नायक नेमले. ते सर्व पुरुष होते. स्त्रियांच्या सभा नव्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्याच नाहींत. १९२९ च्या नोव्हेंबरांत स्त्रियांवर कर बसणार अशी वार्ता पसरली, तेव्हां हजारों स्त्रिया आपल्या जुन्या रीतीप्रमाणें नायकांच्या दारांत जमल्या. सरकारी गोळीबारांत सुमारे ५० स्त्रिया मारल्या गेल्या. इतिहासांत हा प्रसंग 'स्त्रियांचें युद्ध' या नांवानें प्रसिद्ध आहे.

इग्बो भाषेची एक मौज ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या भाषेंत 'तो' आणि 'ती' यांस एकच सर्वनाम आहे. आपल्या मराठींत तीन लिंगें, आणि 'मी जातो', 'मी जाते' असा बोलणाराचाही भेद; त्यांच्या व्याकरणांत तो भेदच नाहीं. म्हणून तेथें व्यवहारांतही भेद नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. रूढीप्रमाणें मुलीला बापाच्या मिळकतींत वांटा मिळत नसे. ही रूढि राज्यघटनेविरुद्ध आहे असा निर्णय नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें दिला. व्याकरण एक सांगतें आणि व्यवहार दुसरें. भाषेकडे पाहतांना हें विसरून चालत नाहीं.

आतां आपल्या बेटाकडे वळूं. वांद्र्यापासून उत्तरेस ठाणें व घोडबंदरपर्यंतच्या भूभागास साष्टी म्हणतात. 'सहासष्ट गांवें' या अर्थाच्या शब्दावरून हें नांव पडलें असें मानतात. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादूरशाह यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगिजांस दिला आणि साष्टीही त्यांच्या अमलाखालीं आली. त्या काळांत येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि लोकांपैकीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांवर उभ्या असलेल्या मठाचे अवशेष आणि मरोळजवळ कोंडिविट्याच्या जुन्या देवळाच्या भिंती त्या काळाची साक्ष देतात. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली. राज्यें तीन वेळां बदललीं, परंतु शेत नांगरणारा, जाळें टाकणारा आणि ताडी काढणारा तोच राहिला, आणि त्याची बोलीही तीच राहिली.

या समाजास 'ईस्ट इंडियन' हें नांव मात्र फार जुनें नाहीं. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या वाढल्या तेव्हां गोवा आणि मंगळूर येथून ख्रिस्ती लोक नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागले. त्यांचीं आडनांवें सारखीं, धर्म एक. मग येथले मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण, हें साहेबास कळावें कसें? इंग्रजांच्या राज्यांत आपणांस 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणतात हेंही त्यांना अडचणीचें वाटूं लागलें. १८८७ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास ५० वर्षें झालीं, त्या प्रसंगीं त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें आणि आपली संस्था स्थापिली. नांव इंग्रजी असलें तरी माणसें या मातीचीं. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ मध्यें मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बॅप्टिस्टा याच समाजांतले. लोक त्यांस प्रेमानें 'काका' म्हणत. आईबापांच्या पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या समाजाचा पुत्र 'काका' या मराठी नांवानें ओळखला जावा, हें योग्यच झालें.

यांची बोली ही उत्तर कोंकणची मराठी. येथील कोळी, आगरी व ख्रिस्ती यांच्या बोली एकमेकींच्या बहिणी आहेत. पाण्यास 'पानी', डोळ्यास 'डोला', गाडीस 'गारी' असे उच्चार त्यांत ऐकूं येतात. ग्रिअर्सन साहेबांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी केली, तिच्या मराठीवरील खंडांत, म्हणजे १९०५ सालीं, या बोलीची 'किरिस्तांव' म्हणून स्वतंत्र नोंद आहे. त्याच्याही पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डि पेन्हा नांवाच्या गृहस्थांनीं साष्टींतल्या लोककथा गोळा करून 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकांत छापिल्या. आणखी मागें गेल्यास १६५९ मध्यें लिस्बन येथें छापलेलें, ख्रिस्ताच्या यातनांवरील एक पुराण आहे. फ्रांसिस्कु वाझ दि गिमाराइश या पाद्र्यानें तें याच भागांतल्या मराठींत, परंतु रोमन लिपींत रचलें. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालचें, तें गोव्याकडचें. म्हणजे साष्टीच्या बोलीला लेखनाची परंपरा नव्हती असें म्हणतां येत नाहीं. ती परंपरा शाळेंत शिकविली गेली नाहीं, इतकेंच.

पोर्तुगिजांच्या सहवासानें या बोलींत पुष्कळ परके शब्द आले हें खरें. परंतु त्याबद्दल तिला हंसणाऱ्यानें आधीं आपल्या घरांत पाहावें. आपल्या सर्वांच्याच मराठींतले पाव, पगार, बटाटा, चावी, परात, घमेलें, लिलांव आणि हापूस हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आलेले आहेत. बटाट्याची भाजी करणाऱ्या कोणत्याही सुगरणीस आपण परकी भाषा बोलत आहों असें वाटत नाहीं.

आतां स्त्रियांकडे येऊं. कारण या समाजाची भाषा आणि रीतिरिवाज प्रामुख्यानें त्यांच्याच हातीं राहिले.

भातशेतीच्या दिवसांत नांगर पुरुषाचा आणि लावणी बायकांची. ओळीनें वांकून रोप लावतांना त्या गाणीं म्हणत. कोळीवाड्यांत तर वांटणी अधिकच स्पष्ट. वेसावें, मढ, मनोरी, गोराई येथें होडी घेऊन समुद्रांत जाणारा पुरुष. मासळी किनाऱ्यास लागली कीं ती विकण्याचें, भाव ठरविण्याचें आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवण्याचें काम कोळिणीचें. ही वांटणी ख्रिस्ती आणि हिंदु कोळ्यांत सारखीच आहे. बाजारांत बसणाऱ्या स्त्रीस गिऱ्हाइकाशीं बोलावें लागतें. तें गिऱ्हाईक मराठी बोलणारें, म्हणून तिची मराठी रोज घांसली जाई आणि रोज धारदार होई. इग्बो स्त्रियांच्या बाजाराची येथें वाचकांस आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

घरांतला मसाला घ्या. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत मिरच्या, धणे, हळद आणि वीसाहून अधिक जिन्नस वाळवावयाचे, भाजावयाचे, लांकडी उखळींत उंच मुसळांनीं कांडावयाचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरावयाचे. म्हणून त्यास 'बाटली मसाला' म्हणतात. प्रत्येक घराचें प्रमाण निराळें. तें कागदावर लिहिलेलें नसे; सासूनें सुनेस, आईनें मुलीस तोंडीं सांगावें. मुसळाच्या तालावर गाणें येई, गाण्यांत गांवांतल्या माणसांची थट्टा येई, आणि जवळ बसलेली पोर ती थट्टा समजतां समजतां भाषा शिके. लग्नांत 'उंबराचें पाणी' नांवाचा विधि असतो. नटूनथटून बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्यामुलाच्या किंवा नवरीच्या स्नानासाठीं पाणी आणतात. देवळांतला विवाह पाद्री लावतो; विहिरीवरचा विधि बायका चालवितात. देवळांतली भाषा १९६० नंतरच्या दशकापर्यंत लॅटिन होती. विहिरीवरची भाषा नेहमींच मराठी.

पोषाखाचीही तीच कथा. कचेरींत जाणाऱ्या पुरुषानें कोट आणि पाटलोण लौकर स्वीकारली. त्याची आई आणि पत्नी मात्र पुढेंही कित्येक वर्षें लुगडें नेसत होत्या. एकाच घरांत पति साहेबासारखा आणि पत्नी गांवकरणीसारखी, असें चित्र त्या काळच्या छायाचित्रांत दिसतें.

हें चित्र कसें उत्पन्न झालें? १८५३ मध्यें बोरीबंदरपासून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली. १८६७ मध्यें विरारपासून मुंबईपर्यंत जाणारी गाडी सुरू झाली आणि बोरिवली व अंधेरी हीं तिचीं स्थानकें झालीं. गाडीबरोबर नोकरी आली, नोकरीबरोबर इंग्रजी आली. मिशनच्या शाळांनीं इंग्रजी शिकविली, आणि तिच्या जोरावर शेतकऱ्याचा मुलगा कारकून झाला, तारमास्तर झाला. हा लाभ लहान नव्हता. ज्या घरांत भात पिकलें नाहीं तर उपास पडे, त्या घरांत महिन्याच्या महिन्यास पगार येऊं लागला. आपल्यासारख्या शाळांनीं हें कार्य केलें याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. परंतु हिशेब मांडतांना जमेबरोबर खर्चही लिहावा लागतो. शाळेंत 'मराठी बोलूं नये' असा नियम कोठें कोठें होता. आणि मुलानें घरीं येऊन आईच्या बोलण्यास हंसावें, हें त्या खर्चाचें पहिलें कलम.

पुढें मुलीही शाळेंत आल्या. त्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, कचेऱ्यांतून टंकलेखन करूं लागल्या. त्याच सुमारास शेतें जाऊं लागलीं. १९५० आणि १९५७ मध्यें मुंबईची हद्द वाढून हीं सर्व गांवें शहरांत आलीं. भाताच्या खाचरांत इमारती, कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या, आणि सहारच्या जमिनींवर विमानतळ पसरला. लावणीच संपली, तेव्हां लावणीचीं गाणीं कोठें म्हणावयाचीं? नळ आला, विहिरी बुजल्या. गांवठाण तेवढें उरलें : अरुंद वाट, लांकडी जिन्याचें घर, आणि वाटेच्या वळणावर १८९६ च्या प्लेगच्या आठवणीचा एखादा क्रूस.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच या लेखाचा गाभा आहे. पुष्कळ भले लोक हळहळून म्हणतात, "आमच्या आज्यांनीं भाषा जपली, आजच्या मुलींनीं ती टाकली." हें म्हणणें ऐकावयास गोड आहे, परंतु न्यायाचें नाहीं. आजीनें भाषा जपली हें खरें. पण तिला दुसरी भाषा शिकूंच दिली नव्हती, हेंही तितकेंच खरें. इंग्रजी, पगार आणि कोट ही बाप्यांची वांटणी. मराठी, मुसळ आणि लुगडें ही बायांची. ज्या ओझ्यास आपण आज 'संस्कृति' असें भारदस्त नांव देतों, तें एकानें खालीं ठेवलें आणि दुसरीच्या डोक्यावर राहूं दिलें. मग दुसरीनेंही तें उतरविलें तर दोष तिला एकटीला कां?

याच्या उलट, स्त्री शिकली म्हणजे भाषा मरते असेंही नव्हे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजांतच याचे दाखले आहेत. पंडिता रमाबाई संस्कृत जाणत, इंग्रजी जाणत, विलायत-अमेरिका पाहून आलेल्या. त्यांनीं मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें तें साध्या बायकांस कळेल अशा सोप्या भाषेंत, आणि तें १९२४ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. इग्बो लोकांसाठीं १९१३ मध्यें जें बायबल छापलें गेलें, त्यांत निरनिराळ्या बोली एकत्र करून एक संयुक्त भाषा बनविली होती. ती पुस्तकांत होती, पण कोणाच्याच चुलीजवळ ती बोलली जात नसे. रमाबाईंनीं उलट मार्ग धरला : चुलीजवळची भाषा त्यांनीं पुस्तकांत आणली. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ही तशाच बोलत्या भाषेची किमया.

दुसरा दाखला वसईचा. साष्टी आणि वसई यांच्यामध्यें एक खाडी. धर्म एक, इतिहास एक. तरी वसईच्या ख्रिस्ती समाजांत मराठी पुष्कळ अंशीं टिकली. तेथें बागायत अधिक काळ राहिली, मुलें मराठी शाळांत शिकलीं, उपासना मराठींत झाली, आणि धर्मगुरूंनीं स्वतः मराठींत लिहिलें. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेथें भाषा जपण्याचें काम केवळ आजीबाईंवर सोंपविलें नाहीं. शाळा, देऊळ, छापखाना आणि पुरुष या सर्वांनीं तें वांटून घेतलें. फरक पडला तो येथें.

वांटणीचा विचार निघाला म्हणून मिळकतीविषयींही दोन शब्द. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें ख्रिस्ती पित्यानें मृत्युपत्र केलें नसल्यास मुलगा आणि मुलगी यांस सारखा हिस्सा मिळतो. इग्बो मुलींस जें २०१४ पर्यंत थांबावें लागलें, तें येथें कायद्यानें पूर्वींच दिलें आहे. परंतु जमीन विकतांना बहिणीनें भावासाठीं हक्कसोडपत्रावर सही करून द्यावी, ही रीत आपल्या देशांत सर्वच धर्मांच्या घरांतून आढळते. ज्या घरीं मुलीस गाण्यांचा वारसा हवा म्हणून सांगतात, पण घराचा वारसा विचारल्यास तोंड वांकडें करतात, त्या घरीं गाणींही फार दिवस राहत नाहींत.

असो. निराश होण्याचें कारण नाहीं. अलीकडे गांवठाणांतून 'उंबराचें पाणी' पुन्हां सार्वजनिक रीतीनें साजरें होऊं लागलें आहे. नव्या भाताच्या लोंब्या देवळांत अर्पण करण्याचा 'आगेरा' हा सण, शेतें गेलीं तरी, ऑक्टोबरांत पाळला जातो. तरुण मंडळी आज्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित करीत आहेत. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु वर्षांतून एक दिवस लुगडें नेसल्यानें भाषा जगत नाहीं. ती रोजच्या जेवणाच्या पंगतींत जगते.

विद्यार्थिमित्रांनो, म्हणून एक लहानसें काम सुचवितों. येत्या मे महिन्याच्या सुट्टींत एक वही घ्या. तुमच्या घरीं किंवा शेजारीं कोणी म्हातारी असेल, मग ती मरोळची असो, मालवणची असो वा कच्छची असो, तिच्याजवळ बसा. तिच्या बोलींतले पन्नास शब्द, एक गाणें आणि एका पदार्थाची कृति लिहून घ्या. उच्चार ती करील तसाच लिहा, सुधारूं नका. आणि मुलांना विशेष सांगणें असें कीं, ही वही बहिणीकडे देऊन मोकळे होऊं नका. मसाला कांडतांना एक मुसळ आपणही हातीं घ्या. मुसळ दोघांनीं धरलें म्हणजे कांडप लौकर होतें, आणि दमही कमी लागतो.